गळते म्हणजे रिकामी होते असं नाही: पाठीवर गाठ घेऊन जन्मलेल्या मुलांच्या लघवीची काळजी

आमच्या ओपीडीच्या बाकड्यावर बसलेली आई एक वाक्य हमखास बोलते. बाळाच्या पाठीवरच्या गाठीचं ऑपरेशन झालेलं असतं, टाके सुकलेले असतात, डोक्याचा घेर मोजून झालेला असतो. मी विचारते, "लघवीचं कसं काय?" ती म्हणते, "लघवीची काही काळजी नाही सिस्टर, दिवसभर चालूच असते. दुपटं वाळूच देत नाही." शेजारी बसलेली आजीही मान डोलावते. मग सोनोग्राफी होते आणि कधीकधी रिपोर्टवर येतं: दोन्ही मूत्रपिंडांना सूज, लघवीच्या पिशवीत लघवी शिल्लक. इतकी गळते तर शिल्लक राहीलच कशी, हे आईला पटत नाही.

मी लहान मुलांच्या शस्त्रक्रिया विभागात नर्स आहे. नळीने लघवी काढायला आईवडिलांना शिकवणं हे माझं रोजचं काम. त्यांना जे बाकड्यावर बसून सांगते तेच इथे सविस्तर लिहिते आहे. औषधाचा डोस आणि तपासण्यांच्या तारखा तुमचे डॉक्टरच ठरवतील. घरी रोज काय करायचं आणि कशावर नजर ठेवायची, त्यासाठी हा लेख.

## आत काय बिघडलेलं असतं

गर्भ राहिल्यापासून साधारण २८ दिवसांच्या आत बाळाच्या मज्जारज्जूची नळी मिटायची असते. ती कुठे उघडी राहिली की पाठीत दोष राहतो, त्याला स्पायना बायफिडा म्हणतात. गाठीत मज्जारज्जू आणि नसाही आल्या असतील तर मायलोमेनिंगोसील. लघवी आणि शौचाच्या नसा मज्जारज्जूच्या अगदी खालच्या टोकातून, माकडहाडाच्या वरच्या भागातून निघतात. त्यामुळे गाठ कमरेत असो की त्याच्या वर, या नसा जवळजवळ प्रत्येक मुलात या दोषाच्या तावडीत सापडतात. मूल छान चालतं म्हणून लघवीही ठीक असेल, असं धरून चालू नका. पायाच्या नसा वेगळ्या, या वेगळ्या.

लघवीच्या पिशवीचं काम दोन स्नायूंवर चालतं. एक म्हणजे पिशवीची भिंत आणि दुसरी तिच्या तोंडाशी असलेली झडप. पिशवी भरताना भिंत सैल राहते आणि झडप मिटलेली असते. लघवीच्या वेळी भिंत आवळते, झडप उघडते. नसांचा निरोप नीट पोचला नाही की ही जोडी बिनसते. भिंत सैल आणि झडपही सैल असेल तर मूल सतत ओलं राहतं, पण मूत्रपिंडांना त्यातल्या त्यात कमी धोका असतो. भिंत ताठर आणि झडप घट्ट असेल तर मात्र शिट्टी अडकलेल्या कुकरसारखी अवस्था होते. आतला दाब वाढत जातो, मधूनच झडपेतून थोडी लघवी सुटते, आईला वाटतं मोकळी झाली. उरलेली लघवी दाबाखाली उलटी मूत्रपिंडाकडे ढकलली जाते किंवा वरून येणारी लघवी खाली उतरूच शकत नाही.

अमेरिकेतले डॉक्टर एडवर्ड मॅक्ग्वायर यांनी १९८१ साली अशाच मुलांच्या तपासण्यांवरून दाखवलं की लघवी गळायला लागते त्या क्षणी पिशवीतला दाब ४० सेंटिमीटर पाण्याहून जास्त असेल, तर मूत्रपिंडांना इजा होण्याची शक्यता फार वाढते. हा ४० चा आकडा आजही आमच्या फाइलींमध्ये दिसतो.

जन्माच्या वेळी यातल्या बहुतेक बाळांची मूत्रपिंडं चांगली असतात. पुढच्या काही वर्षांत ती बिघडतात, आणि बिघडताना दुखत नाहीत. माझ्यापुरतं विचाराल तर दिवसभर ओल्या राहणाऱ्या मुलापेक्षा तीन-तीन तास कोरडं राहून मग भसकन ओलं होणाऱ्या मुलाची मला जास्त धास्ती वाटते. घरच्यांना मात्र तेच मूल बरं वाटतं.

एक गोष्ट इथेच सांगून टाकते. काही मुलांच्या पाठीवर उघडी गाठ नसते. कमरेखाली केसांचा झुपका, मऊ चरबीचा उंचवटा, लाल डाग किंवा मधोमध नसलेला खोल खळगा असतो. वरून त्वचा शाबूत, आत मज्जारज्जू खाली बांधला गेलेला. अशा मुलाची लघवी आपोआप सुटत असेल, किंवा एकदा शिकलेलं मूल पुन्हा चड्डी ओली करू लागलं, तर "आळशी झालंय" म्हणून ओरडू नका. पाठ दाखवून या.

## पहिले तीन महिने

गाठीचं ऑपरेशन झाल्यावर घरी जाण्याआधी तीन गोष्टी झाल्यात ना, हे विचारून घ्या. मूत्रपिंड आणि पिशवीची सोनोग्राफी, लघवी झाल्यावर नळी घालून उरलेली लघवी मोजणं, आणि रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडं कसं काम करतात ते सांगणारी तपासणी. क्रिएटिनिन जन्मानंतर पहिले काही दिवस आईचंच दाखवतं, म्हणून ते जरा थांबून करतात. या मुलांचे स्नायू बारीक असल्याने पुढेही ते फसवं चांगलं येऊ शकतं. त्यासाठी काही ठिकाणी सिस्टॅटिन सी नावाची वेगळी तपासणी करतात.

नळीने लघवी काढण्याचं तंत्र आईला आणि घरातल्या आणखी एका माणसाला वॉर्डातच शिकवून घ्यावं, असा माझा आग्रह असतो. पुढे गरज नाही असं ठरलं तर उत्तम. पण सहा महिन्यांच्या, उलथापालथ करणाऱ्या बाळावर पहिल्यांदा शिकणं खूप अवघड जातं.

साधारण तीन महिन्यांचं झाल्यावर, ऑपरेशनचा धक्का ओसरल्यावर, पिशवीचा दाब मोजतात. त्याला युरोडायनॅमिक तपासणी म्हणतात. एक बारीक नळी पिशवीत, एक गुदद्वारात, आणि पिशवीत हळूहळू सलाइन सोडत मॉनिटरवर दाबाचा आलेख काढतात. भूल देत नाहीत, कारण भुलीत स्नायूंचं खरं वागणं दिसत नाही. बाळ रडतं, पण तपासणी दुखरी नाही. आदल्या दिवशी पोट साफ हवं आणि लघवीत संसर्ग नको. सोबत एमसीयू करतात. त्यात रंगाचं औषध भरून एक्स-रे घेतात आणि लघवी उलटी वर चढते का ते पाहतात. डीएमएसए स्कॅनमध्ये मूत्रपिंडावर व्रण आहेत का ते कळतं.

या काळातली सगळ्यात मोठी चूक म्हणजे ओटीपोट दाबून लघवी काढणं. गावाकडे बाळाला आंघोळ घालणाऱ्या बाईपासून ते जुन्या वळणाच्या डॉक्टरांपर्यंत बरेच जण हे सांगतात. झडप घट्ट असलेल्या बाळाचं पोट दाबलं की पिशवीतला दाब आणखी वाढतो आणि लघवी वाट मिळेल तिथे, म्हणजे वर जाते. युरोडायनॅमिकचा रिपोर्ट हातात येऊन डॉक्टरांनी स्वतः सांगितल्याशिवाय पोट दाबू नका.

## नळी

१९७२ साली मिशिगन विद्यापीठातले डॉक्टर जॅक लॅपिडीस यांनी एक वेगळाच विचार मांडला. तोवर नळी घालायची म्हणजे निर्जंतुक हातमोजे आणि ऑपरेशन थिएटरसारखी तयारी, असंच चालत होतं. लॅपिडीस म्हणाले की ताणून फुगलेल्या पिशवीच्या भिंतीला रक्तपुरवठा कमी होतो आणि म्हणून तिथे संसर्ग धरतो. पिशवी वेळेवर रिकामी होणं महत्त्वाचं, निर्जंतुकपणापेक्षाही. साबणाने धुतलेले हात आणि स्वच्छ नळी पुरे. घराघरात आया हे करू शकतात ते या एका विचारामुळे. आम्ही याला सीआयसी (क्लीन इंटरमिटंट कॅथेटरायझेशन) म्हणतो, आया "नळी" म्हणतात.

आधी सामान. आपल्याकडे लहान बाळांना बहुतेक ठिकाणी इन्फंट फीडिंग ट्यूबच वापरतात; स्वस्त असते आणि मेडिकलमध्ये मिळते. नवजात बाळाला ५ किंवा ६ नंबर, नंतर ८, शाळेतल्या मुलांना ८ ते १०, मोठ्यांना १२ ते १४. टोकाच्या रंगावरून नंबर ओळखता येतो: ६ फिकट हिरवा, ८ निळा, १० काळा. मोठ्या मुलांना साधी सरळ नेलॅटन नळी जास्त सोयीची. शिवाय पाण्यात विरघळणारी जेली, मापाचं भांडं, स्वच्छ ओला कपडा आणि झाकणाचा कोरडा डबा. जेलीऐवजी खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन नको.

फीडिंग ट्यूब लांब असते, म्हणून एक सावधगिरी. ती नको तितकी आत गेली तर पिशवीत गुंडाळून तिची गाठ बसू शकते, मग ओढून निघत नाही. असं झालंय तेव्हा मुलाला थिएटरमध्ये न्यावं लागलं आहे. पहिल्या दिवशी किती लांबी आत गेल्यावर लघवी आली ते पाहा, त्याच्या सेंटिमीटरभर पुढे मार्कर पेनने खूण करा आणि खुणेपलीकडे नळी जाऊ देऊ नका.

मुलींसाठी. हात साबणाने धुवा, नखं कापलेली असू द्या, अंगठी काढा. बाळाला उजेडात उताणं झोपवा, पाय बेडकासारखे बाजूला. एका हाताच्या अंगठ्याने आणि बोटाने लघवीच्या जागेचे ओठ अलगद वेगळे करा आणि ओल्या कपड्याने वरून खाली, शौचाच्या जागेच्या दिशेने, एकदाच पुसा. लघवीचं छिद्र योनीच्या लगेच वर असतं. कित्येकदा नुसता एक ठिपका किंवा खाच दिसते. जेली लावलेली नळी तिथे किंचित वरच्या दिशेने सरकवा. मार्ग जेमतेम दोन-तीन सेंटिमीटरचा असतो. लघवी यायला लागली की आणखी सेंटिमीटरभर आत सरकवून थांबा. दोनतीन इंच आत गेली तरी लघवी नाही, तर ती बहुधा योनीत गेली आहे. काढू नका! तिथेच राहू द्या, म्हणजे ती वाट बंद झाली. दुसरी स्वच्छ नळी तिच्या वरच्या छिद्रात घाला.

मुलांसाठी. शिश्न पोटाच्या दिशेने सरळ उभं धरा, म्हणजे मार्गातलं वळण सुटतं. जेली भरपूर, कारण मार्ग लांब आहे. वरची कातडी सहज मागे जाते तेवढीच न्या, ओढाताण नको. आणि नळी काढल्यावर ती पुन्हा पुढे आणायला विसरू नका, नाहीतर टोकाला सूज येते. पिशवीच्या तोंडाशी नळी अडते. तिथे टोचत राहू नका. हलका, सततचा दाब ठेवून थांबा, मूल मोठं असेल तर खोल श्वास घ्यायला किंवा खोकायला सांगा. झडप क्षणभर सैल होते आणि नळी सरकते. जोर लावला तर भिंतीला छिद्र पडून चुकीची वाट तयार होते आणि मग पुढे कित्येक महिने त्रास.

लघवी थांबली की नळी लगेच ओढू नका. अर्धा सेंटिमीटर मागे घ्या, थांबा; पुन्हा धार येते. पिशवीच्या तळाशी उरलेली तीच असते. असं दोनतीनदा करून मग नळीचं टोक चिमटीत दाबून बाहेर काढा. घाईत असलेल्या आया इथेच चुकतात आणि मग "नळी घालूनही संसर्ग होतो" म्हणतात.

किती वेळा? दिवसा तीन-चार तासांनी, म्हणजे साधारण पाच वेळा, आणि शेवटची झोपायच्या तोंडावर. पिशवी फार ताठर असेल तर काही मुलांना रात्रभर नळी ठेवून पिशवीला विश्रांती द्यायला सांगतात. पहिल्या दोन आठवड्यांत एक वही करा. वेळ, किती मिली निघाली, मधल्या वेळात कोरडं होतं की ओलं, एवढंच. वयानुसार पिशवीत किती मावते त्याचा ढोबळ हिशेब असा: वयात १ मिळवा आणि ३० ने गुणा. ४ वर्षांच्या मुलाला साधारण १५० मिली. एका वेळी याच्या बरीच वर निघत असेल तर मधलं अंतर जास्त होतंय. अगदी थोडी निघते आणि मूल तरी ओलं, तर पिशवी मावून घेत नाही. ही वही घेऊन डॉक्टरांकडे जा. माझ्या अनुभवात तीन पानांची अशी वही अर्ध्या तासाच्या सांगण्यापेक्षा कामाची ठरते.

वापरलेली नळी लगेच वाहत्या पाण्याखाली धुवा, सिरिंजने आतून साबणाचं आणि मग साधं पाणी सोडा, झटका, स्वच्छ कपड्यावर वाळू द्या, कोरडीच डब्यात ठेवा. ओली नळी प्लास्टिकच्या पिशवीत कोंबली की तिथेच जंतू वाढतात. अँटिसेप्टिकमध्ये बुडवून ठेवायला आम्ही सांगत नाही. राहिलेला अंश आत जाऊन जळजळ होते. परवडत असेल तर प्रत्येक वेळी नवी नळी सगळ्यात चांगली. नाहीतर एक नळी किती दिवस वापरायची ते विचारून घ्या, आणि कडक, धुरकट किंवा चिरलेली नळी मात्र ताबडतोब टाका.

नळीला थेंबभर रक्त लागलं तर घाबरू नका, जेली वाढवा. लाल लघवी किंवा गुठळ्या आल्या तर दवाखाना.

## औषध, आणि एप्रिल-मेचं ऊन

पिशवीची ताठर भिंत सैल करायला ऑक्सिब्युटिनिन देतात. डोस वजनावर असतो, म्हणून वजन वाढलं की तो पुन्हा ठरवावा लागतो. वर्षभर जुनीच चिठ्ठी दाखवून औषध आणणारे पालक मी पाहिलेत. तोंड कोरडं पडणं, गाल लाल होणं, बद्धकोष्ठ हे त्याचे परिणाम. सगळ्यात दुर्लक्षित परिणाम म्हणजे घाम कमी येणं. विदर्भ-मराठवाड्यात उन्हाळ्यात पारा ४४ वर जातो, तेव्हा हे औषध चालू असलेलं मूल दुपारी उन्हात खेळत असेल तर त्याचं अंग तापून निघतं. अशा वेळी ताप समजून नुसती पॅरासिटामॉल देऊ नका. सावलीत न्या, ओल्या कपड्याने पुसा, पाणी द्या, आणि डॉक्टरांना फोन करा. त्रास फार होत असेल तर हेच औषध नळीतून थेट पिशवीत सोडता येतं किंवा सॉलिफेनासिन, मिराबेग्रॉन यांसारखी दुसरी औषधं असतात.

औषधाने दाब उतरला नाही तर दुर्बिणीतून पिशवीच्या भिंतीत बोटॉक्सची इंजेक्शनं देतात. परिणाम काही महिने टिकतो, मग पुन्हा द्यावी लागतात.

## रिपोर्टवर जंतू आले म्हणजे लगेच अँटिबायोटिक नको

नळी वापरणाऱ्या मुलाच्या लघवीत जंतू सापडणं ही रोजची गोष्ट आहे. ताप नाही, मूल हसतंखेळतं, आणि केवळ कल्चरचा (लघवीतले जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीचा) रिपोर्ट पाहून औषध चालू केलं, की पुढच्या वेळी तेच जंतू त्या औषधाला दाद देत नाहीत. म्हणून मूल बरं असताना उगाच कल्चर करायला धावू नका.

औषध लागतं ते त्रास असेल तेव्हा: १००.४ च्या वर ताप, थंडी, कुशीत किंवा पोटात दुखणं, उलट्या, नेहमी कोरडं राहणारं मूल अचानक गळू लागणं, किंवा वासाबरोबर यातलं काहीतरी. नुसता वास किंवा गढूळपणा असेल तर आधी पाणी वाढवा आणि नळीच्या वेळा तपासा. कल्चरला लघवी द्यायची असेल तर नव्या नळीने, नव्या निर्जंतुक बाटलीत. डायपरमधून पिळलेली किंवा चिकटवलेल्या पिशवीतली लघवी फसवा रिपोर्ट देते. लघवी वर चढत असेल तर काही मुलांना रोज थोड्या डोसमध्ये अँटिबायोटिक देतात. तो डॉक्टरांचा निर्णय.

## पोट साफ नसेल तर वरचं सगळं फुकट

त्याच नसा शौचालाही लागतात, म्हणून ही मुलं बहुधा बद्धकोष्ठाची असतात. आतड्यात साठलेला मळ पिशवीवर दाब देतो, गळणं वाढतं, संसर्ग वाढतो. रात्रीच्या जेवणानंतर वीसेक मिनिटांनी आतडं आपोआप हलतं. त्याच वेळी रोज पाय टेकवून दहा मिनिटं बसवा. ज्वारीची भाकरी, पालेभाजी, भरपूर पाणी हे आलंच, पण नुसत्या आहाराने भागत नाही. रोजचं सौम्य रेचक किंवा पाण्याचा एनिमा लागतो, आणि त्यात कमीपणा नाही. एनिमा ठरलेल्या वेळी दिला की दुसऱ्या दिवशी शाळेत चड्डी स्वच्छ राहते. डोक्यात शंट (मेंदूतलं जादा पाणी पोटात उतरवणारी नळी) असेल तर बद्धकोष्ठाकडे आणखी लक्ष द्या. त्याने शंटचं काम अडखळू शकतं.

## रबराची ॲलर्जी

या मुलांचा लहानपणापासून हातमोज्यांशी आणि नळ्यांशी संबंध येतो, म्हणून त्यांना लॅटेक्सची (नैसर्गिक रबराची) ॲलर्जी इतरांपेक्षा कितीतरी जास्त होते. लाल-पिवळी रबरी नळी वापरू नका. पीव्हीसी किंवा सिलिकॉनची चालते. वाढदिवसाचे फुगे घरात नकोत. केळं, पपई, किवी खाल्ल्यावर ओठ सुजत किंवा खाज येत असेल तर सांगा, ही ॲलर्जी एकमेकींशी जोडलेली असते. प्रत्येक ऑपरेशनच्या आधी, दात काढतानासुद्धा, "लॅटेक्स नको" हे स्वतः बोलून दाखवा. फाइलवर लिहिलंय म्हणून गप्प बसू नका.

## शाळा

सहा-सात वर्षांचं मूल हात धुवून स्वतःची नळी स्वतः घालू शकतं. मुलींना सुरुवातीला आरसा देतो. नंतर त्या बोटाच्या अंदाजाने घालतात आणि आरसा विसरतात. आमच्याकडे एक दुसरीतली मुलगी येते. एकदा तिला आठवण करायला गेले, तर कंपासपेटीच्या आकाराचा डबा उघडून म्हणाली, "सिस्टर, माझी वेळ साडेअकराची आहे, अजून पाच मिनिटं आहेत." तिच्या आईने घड्याळाच्या काट्यांची चित्रं काढून डब्याच्या झाकणावर चिकटवली होती.

शाळेत जाऊन वर्गशिक्षिकेशी आणि मुख्याध्यापकांशी बोला, डॉक्टरांची चिठ्ठी द्या. मागायचं ते एवढंच: कडी लागणारं, पाणी असलेलं बाथरूम, ठरलेल्या वेळी न विचारता जायची मुभा, आणि सुट्टीच्या गर्दीच्या दहा मिनिटं आधी सोडणं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे, म्हणून यूडीआयडी कार्ड (दिव्यांगत्वाचं सरकारी ओळखपत्र) वेळेवर काढून ठेवा. खर्चाची अडचण असेल तर अंगणवाडी किंवा शाळेतल्या तपासणी पथकाला भेटा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ च्या फेब्रुवारीत आपल्याच पालघरमधून सुरू झाला, आणि त्यातल्या जन्मजात दोषांच्या यादीत हा दोष पहिला आहे. पथक जिल्हा पातळीवरच्या केंद्रात पाठवतं आणि तिथून पुढे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कोणतं ऑपरेशन बसतं ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा.

## मध्येच काही बदललं तर

मूल भराभर उंच होतं त्या काळात, म्हणजे पाच-सहा वर्षांच्या आसपास आणि वयात येताना, ऑपरेशनच्या जागी चिकटलेला मज्जारज्जू पुन्हा ताणला जाऊ शकतो. चाल बदलणं, पाय वाकडा होऊ लागणं, पाठदुखी, आणि वहीतले आकडे बिघडणं ही त्याची लक्षणं. बरेचदा लघवीच सगळ्यात आधी सांगते. "वाढत्या वयात होतं असं" म्हणून वाट पाहू नका, युरोडायनॅमिक पुन्हा करून घ्या.

औषध, नळी, बोटॉक्स यांनी भागलं नाही तर आतड्याचा तुकडा जोडून पिशवी मोठी करतात. खालून नळी घालणं जमत नसेल तर फ्रान्सच्या पॉल मित्रोफॅनॉफ यांनी १९८० साली मांडलेल्या पद्धतीने अपेंडिक्सची वाट करून बेंबीत तोंड काढतात. मग मूल खुर्चीत बसूनही नळी घालू शकतं. म्हणूनच दुसऱ्या कुठल्या ऑपरेशनमध्ये "जाता जाता अपेंडिक्स काढून टाकतो" असं कुणी म्हणालं तर थांबवा, आधी आपल्या सर्जनना विचारा. पिशवी मोठी केल्यावर नळी सुटत नाही. आतड्याचा चिकट स्राव धुवून काढावा लागतो, खडे होऊ शकतात. अशा मुलाच्या पोटात अचानक जोरात दुखू लागलं तर जोडलेली पिशवी फुटली असण्याची शक्यता असते, रात्र असली तरी निघायचं आणि दारातच सांगायचं, "पिशवीचं ऑपरेशन झालंय."

दुसऱ्या मुलाचा विचार असेल तर गर्भ राहण्याच्या किमान महिनाभर आधीपासून ते तिसरा महिना संपेपर्यंत रोज ४ मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड लागतं. आपल्याकडे ५ ची गोळी मिळते, तीच डॉक्टर लिहून देतात. ब्रिटनच्या पुढाकाराने अनेक देशांत झालेल्या आणि १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत यामुळे पुन्हा असं बाळ होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटलं होतं. पाळी चुकल्यावर गोळी चालू करणं म्हणजे उशीर, तोवर त्या २८ दिवसांतले निम्मे तरी सरलेले असतात.

आता पुढच्या भेटीबद्दल. सोबत वही, चालू औषधांच्या रिकाम्या पट्ट्या, आणि आधीच्या सोनोग्राफीचे कागदच नाहीत तर फिल्मही आणा. घरून निघताना नळी घालून येऊ नका. पिशवी भरलेली असतानाचं एक चित्र आणि तुम्ही आमच्यासमोर नळी घालून रिकामी केल्यावरचं दुसरं, अशी दोन्ही लागतात. तुम्ही ती कशी घालता तेही मला बघायचं असतं.